तारेच्या आतली तांबडी

"भाऊ नाहीस तू माझा, कुलूप आहेस कुलूप!" आक्का तारेच्या पलीकडून ओरडली. "कुलूप तरी बरं, किल्ली लावली की उघडतं. तुला काय लावायचं ते सांग!"

राखणदार तारेच्या आत उकिडवा बसून सैल पडलेली जाळी पकडीनं आवळत होता. त्यानं मान वर केली नाही. सकाळच्या पारी थोरल्या बहिणीच्या तोंडी लागायचं नाही, एवढं तो लहानपणीच शिकला होता.

"उद्या केंद्राच्या मॅडम येतायत, आक्का," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या आत जनावरं सोडायची आहेत. आजच्या दिवस कळ काढ."

"मी काढीन रे. हिला सांग कळ काढायला."

ही म्हणजे आक्काची तांबडी गाय. तिच्या बरगड्या दुरूनही दिसत होत्या, माकडहाड वर आलं होतं, आणि एवढ्या सगळ्यात पोट तेवढं फुगलेलं, कारण ती गाभण होती. आक्काच्या दावणीला एके काळी चांगली पाच-सहा जनावरं असायची. दुष्काळ लांबला तशी एकेक पाहुण्यारावळ्यांकडे गेली, एकदोन कायमची गेली. तांबडी तेवढी राहिली. ती गेली तर गोठ्यात नुसता खुंटा उरणार होता, आणि आक्काला मूलबाळ नव्हतं. राखणदाराला हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच तो मान वर करत नव्हता.

हा माळ पूर्वी गावाचाच. जनावरांनी तो इतका चरला होता की खाली नुसता मुरूम राहिला होता. मग संशोधन केंद्रानं तो तारेनं वेढला आणि पाण्यावाचून तगणारं गवत लावून बघायला घेतलं. वाफे आखले, वाफ्यांवर पाट्या रोवल्या. बरीचशी गवतं पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेली. पण एका जातीनं मुळं खोल सोडली. पाऊस रुसला, विहिरी आटल्या, तरी तिचे ठोंब बुडाशी हिरवे राहिले. सगळा मुलूख भाजून निघालेला, वाऱ्याबरोबर फुफाटा उडतोय, आणि तारेच्या आत ते हिरवं बूड.

राखण करायला केंद्राला गावातलाच माणूस हवा होता, तो हा मिळाला. राहायला फाटकाशेजारी पत्र्याची खोली, तीही तारेच्या आत. फाटकं दोन. पहिलं उघडायचं, आत यायचं, ते लावायचं आणि मगच दुसरं उघडायचं. दोन्हींच्या मधल्या चौकात ब्रश टांगलेला. बाहेरच्या तणाचं बी आत येऊ नये म्हणून येणाऱ्यानं चपला, कपडे झाडायचे. त्याची बायको नळावरून पाण्याची घागर घेऊन यायची, ती रोज त्या चौकात उभी राहून स्वतःला झाडायची आणि म्हणायची, "माहेरी मला कुणी एवढं झटकलं नव्हतं."

हल्ली तिचं बोलणंही कमी झालं होतं. नळावर तिची घागर आपोआप रांगेच्या शेवटी सरकायची. आणि नवरा न्हाव्याकडे गेला, तर न्हाव्यानं अर्धी दाढी करून वस्तरा पुसून ठेवला. "उरलेली तू फाटक उघडशील तेव्हा," म्हणाला. बिचारा तशाच अर्ध्या तोंडानं गावातून परत आला. तेव्हापासून तो तारेबाहेर पडला नव्हता. लोकांना वाटायचं हा गवत राखतोय. त्याला मात्र आताशा वाटायचं की आपल्यालाच कुणीतरी आत कोंडून वर पहाऱ्याला ठेवलंय.

आणि या सगळ्यात त्यानं एक वचन देऊन ठेवलं होतं. गाव विळे घेऊन तारेवर चालून आलं होतं, तेव्हाची गोष्ट. सगळ्यात पुढे गिरणीवाला. गिरणी पिठाची, पण प्रत्येक गोष्टीत वाद घालायची खोड, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. तेव्हा राखणदार फाटकावर चढून म्हणाला होता, "थांबा! मॅडमनी मला स्वतः सांगितलंय. बी धरू द्या, मग यात जनावरंच सोडायची आहेत. चांगलं दाबून चारायचंय आणि बघायचंय परत फुटतंय का. मग घाई कशाला? आपलीच जनावरं चरतील!" आणि आक्काकडे बघून तो म्हणाला होता, "पहिली आत जाईल ती तुझी तांबडी. माझा शब्द."

आपला माणूस बोलतोय म्हणून गाव परत फिरलं. विळे घरी गेले.

आक्का ओरडून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी राखणदारानं दोन्ही फाटकांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, उरलेली दाढी आरशात बघून स्वतःच उरकली आणि धुतलेला सदरा घातला. बायको म्हणाली, "नवरदेव दिसताय." कितीतरी दिवसांनी ती हसली.

उन्हं चढायच्या आत सगळं गाव जनावरं घेऊन तारेला भिडलं होतं. आक्का सगळ्यात पुढे. तिनं तांबडीला ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं. वकिलानं भावाला हाक मारावी तसं राखणदाराला "या, या" केलं. तो खुशीत फाटकापाशी उभा राहिला.

मॅडमची जीप आली. आणि तिच्या मागे, धुरळ्याचा लोट उठवत, एक ट्रक.

ट्रकात कालवडी होत्या. एका वयाच्या, एका अंगाच्या, कातडी तुकतुकीत, प्रत्येकीच्या कानात नंबराचा बिल्ला. गावातली जनावरं आणि त्या समोरासमोर आल्या, तेव्हा बायकांपैकी कुणीतरी नुसतंच "अगं बाई" म्हणालं.

"या कुणाच्या, मॅडम?" राखणदारानं विचारलं.

"केंद्रावरच्या. चराईसाठी आणल्यात. चल, बाहेरचं फाटक उघड."

"आणि आमच्या?"

"तुमच्या कुठल्या?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. वयानं लहान, उन्हातान्हात राबून रापलेली पोरगी, या गवतामागे तिची उमेदीची वर्षं गेली होती. राखणदारानं तिला चार शब्दांत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"पण मी असं कधी म्हणाले?"

म्हणाली नव्हती. माळ गावाचा, तर जनावरं गावाची, हे त्यानं आपलं आपणच धरलं होतं. मागून शंभर डोळे पाठीला टोचत होते, आणि सगळ्यात जास्त आक्काचे.

वकील पुढे झाला. "मॅडम, एक सांगा. गवत जनावरं खातात का, हेच बघायचंय ना? मग ही काय दगडं आहेत? यांनी खाल्लं तर काय बिघडलं?"

"दादा, उपाशी जनावर काहीही खातं," मॅडम म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "तुमच्या गाईनं खाल्लं, तर गवत चांगलं म्हणून खाल्लं की भूक होती म्हणून, हे मला कळणार कसं? मला नीट पोसलेली, एका वजनाची जनावरं लागतात. सगळं वरून आखून आलेलं असतं. माझ्या हातात नाही."

वकील मागे सरून आपल्या बैलापाशी जाऊन उभा राहिला.

"उघड," मॅडम पुन्हा म्हणाली.

राखणदारानं उघडलं. न उघडून जातो कुठं? नोकरी फाटकाची, घर फाटकाच्या आत. कालवडी चौकात आल्या, बायकोनं खाली बसून एकेकीचे खूर ब्रशनं झाडले, मग आतलं फाटक उघडलं. बाहेर आक्का तांबडीच्या पाठीवर हात फिरवत होती. ती शिव्या देती तर त्याला बरं वाटलं असतं.

पण कालवडी आत गेल्या आणि फाटकापाशीच घोळका करून उभ्या राहिल्या. समोर गवताचे ठोंब गुडघाभर, त्यांचं लक्षच नाही. जन्मल्यापासून गव्हाणीतली कुट्टी खाल्लेली ती जात. उभ्या गवताला तोंड घालायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. एकीनं ठोंब हुंगला, फुर्रकन श्वास सोडला आणि मागे फिरली. मग सगळ्या मिळून माना वर करून हंबरायला लागल्या. गव्हाण मागत होत्या.

बाहेर आधी हशा पिकला. "ताट वाढा हो त्यांना!" वकील ओरडला, "पाटही मांडा!" मॅडम काठी घेऊन एका बाजूनं हाकायची, कालवडी दुसऱ्या बाजूनं फाटकाशी यायच्या. ऊन डोक्यावर आलं. हळूहळू हसणं थांबलं. भुकेल्या गुरांच्या डोळ्यांसमोर भरल्या पोटाची गुरं गवत तुडवत होती, ते किती वेळ बघवणार?

"मॅडम," आक्का पहिल्यांदाच बोलली, "उपाशी जनावराच्या खाण्याला अर्थ नाही म्हणता. मग पोट भरलेल्याच्या न खाण्याला आहे का?"

मॅडमनं घाम पुसला.

त्याच वेळी जाळी करकरली. तांबडीनं राहवेना म्हणून जाळीच्या चौकोनातून मान आत घातली होती. जवळच्या ठोंबाला जीभ पोचली, दोन घास तोडले, आणि मान मागे घेताना शिंगं तारेत अडकली. ती घाबरली. तिनं हिसका दिला तशी तार गळ्यात रुतली. पुढचे पाय दुमडून ती खाली बसली आणि घरघरायला लागली.

"माझी गाय!" आक्का तिच्या अंगावर पडली. "अरे, पोटात वासरू आहे तिच्या! मेली रे, मेली!"

चारपाच जण शिंगांना भिडले, पण तार ताणलेली, ढिली होईना. राखणदार आतून धावला. पकड कमरेलाच होती. जी जाळी कालपर्यंत आवळत आला, तिच्यावर त्यानं पकड लावली आणि क्षणभर थांबला. मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाली, "कापतोस का नाही?"

त्यानं कापली. एक तार, दुसरी, तिसरी. चांगलं माणूसभर भगदाड पडलं. तांबडीची मान सुटली. ती धडपडत उठली, उभी राहून थरथरली. मागे आक्का होती, पुढे गवत होतं. गाय पुढे गेली.

"अरे, हाकल तिला! सगळं बिघडेल!" मॅडम ओरडली. आणि बाहेरची सगळी गुरं भगदाडाकडे वळली.

राखणदार हात पसरून भगदाडात उभा राहिला. तोंड गावाकडे, पाठ गाईकडे.

"गाय चरतेय तुझ्यामागे! दिसत नाही का?"

"मागचं कसं दिसेल, मॅडम? मी राखण करतोय."

"निदान खूर तरी झाडलेत का तिचे?" मॅडम रडकुंडीला येऊन म्हणाली. तेव्हा राखणदाराची बायको खरंच ब्रश घेऊन धावली, आणि चरणाऱ्या गाईच्या मागे मागे फिरत तिचे खूर झाडू लागली.

"सरक," वकील राखणदारासमोर येऊन उभा राहिला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "बहिणीची गेली ना आत? आता आमची जाऊ दे."

"नाही."

"का नाही?"

लाजेनं राखणदाराचे कान तापले. वकिलाच्या मागे त्याचा बैल उभा होता, आणि बैल तांबडीपेक्षा बरा नव्हता. पण सगळी आत घेतली तर संध्याकाळपर्यंत माळाचा पुन्हा मुरूम होईल, आणि पुढच्या साली कुणालाच काही उरणार नाही, हेही त्याला दिसत होतं. तो तसाच हात पसरून उभा राहिला. मागून तांबडीच्या गवत तोडण्याचा आवाज येत होता. खरड, खरड.

मग हंबरणं एकाएकी थांबलं. कालवडींनी माना वळवल्या. एक तांबडीजवळ गेली, तिचं तोंड हुंगलं, तिच्या तोंडातून लोंबणारी काडी ओढली. चावून बघितली. मग तिनं त्याच ठोंबाला तोंड घातलं. तिच्यामागे दुसरी. थोड्या वेळात सगळ्या कालवडी तांबडीच्या भोवती माना खाली घालून चरत होत्या, तिला बघून, तिच्यासारख्याच.

मॅडमनं काठी टाकली आणि चरणाऱ्या कालवडी मोजल्या.

"राहू दे तिला," ती शेवटी म्हणाली. "चराई संपेपर्यंत आत राहू दे. पण हीच एक. यापुढे एकही नाही. आणि मधेच बाहेर नेता येणार नाही, आक्का. चालेल?"

आक्कानं मान डोलावली.

गाव आपापली जनावरं वळवून निघालं. जाताना कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. फक्त वकील मागे वळून एवढंच म्हणाला, "शब्द पाळलास की. पहिली तिचीच गेली." राखणदाराला ते अर्ध्या दाढीपेक्षाही झोंबलं.

ऊन कलल्यावर तो भगदाड विणायला बसला. आतून तो तार ओढायचा, बाहेरून आक्का टोक धरून द्यायची. लहानपणी दोघं मिळून बाज विणायची, तशी. तांबडी पोट भरून ठोंबांच्या मधे रवंथ करत बसली होती.

"वासरूही आतच होईल बहुतेक," राखणदार म्हणाला.

"होऊ दे."

"मी बघीन नीट. काळजी करू नकोस."

जाळीतून बोट घालून आक्कानं त्याच्या गालावरचा, सकाळी वस्तरा लागून सुकलेला रक्ताचा ठिपका पुसला.

"तिचं बरं आहे," ती म्हणाली. "तिला आपल्यासारखं गावात तोंड दाखवायला जायचं नाही."

त्यानं शेवटची तार पिळली, पकडीनं घट्ट केली, आणि सवयीनं हलवून बघितली. जाळी जागची हलली नाही.