खुब्यातला चोर

अर्जुनरावांनी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून सगळी नोकरी काढली. देगलूर रोडवर त्यांची जीप आडवी आली की कंडक्टर घाईघाईनं तिकिटं मोजायला लागायचा. माणूस वाईट नव्हता. पण कुठं काही बिघडलं की ते कुणीतरी बिघडवलेलंच असतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. भाजीत मीठ जास्त पडलं तरी चौकशी बसायची. रिटायर झाल्यावर चौकशीला घरात चांगुणाबाई एकट्याच उरल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या चौकशीला कधीच भीक घातली नाही.

नोकरीत असतानाच त्यांचा उजवा खुबा लातूरला डॉ. शरणप्पांनी बदलला होता. तेव्हापासून पाय कधी कुरकुरला नाही. रोज सकाळी नदीपर्यंत चालत जायचे आणि चालतच यायचे. मग एकदा कंबर धरली, नांदेडात एक्स-रे काढला, आणि तिथल्या डॉ. कहकशां कंबर सोडून खुब्याकडेच बघत बसल्या.

"काका, कंबर ठीक आहे. पण खुब्याभोवतीचं हाड पोखरलंय."

"जंतू झाले का काय?"

"जंतू नाहीत. तुमच्या खुब्यात धातूचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो. फिरून फिरून वाटी झिजते, डोळ्याला दिसणार नाही असा भुगा पडतो. शरीरातल्या राखणदार पेशी तो भुगा गिळतात, पण प्लॅस्टिक त्यांना पचत नाही. मग त्या आरडाओरडा करतात, आत सूज येते, आणि त्या गोंधळात हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. त्या भुग्याला हात लावत नाहीत. हाडच खातात."

"म्हंजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"अगदी तसंच. आता वाटी बदलून हाडाची भर घालायला हवी. थांबलात तर नवी वाटी धरायला हाडच उरणार नाही. चालता चालता मोडेल."

"पर मला तर दुखत न्हाई."

"मोडेपर्यंत बहुतेक दुखणारही नाही. म्हणूनच सांगतेय."

"बरं, चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही काका. वाटी झिजायचीच."

हे उत्तर अर्जुनरावांना पटणं शक्यच नव्हतं. चूक कुणाची ते ठरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आधी वाटी बनवणाऱ्या कंपनीवर संशय, मग शरणप्पांवर, मधे दोन दिवस चांगुणाबाईंच्या डिंकाच्या लाडवांवरही. उन्हाळा गेला, नवं सोयाबीन मोंढ्याच्या बाजारात आलं. दुसऱ्या एक्स-रेत पोकळी चांगलीच वाढलेली दिसली. चांगुणाबाईंना भीती वाटली, साधी सरळ भीती: हा माणूस एक दिवस न्हाणीत मोडून पडेल आणि परत उठणार नाही.

"चोर सापडंस्तोवर घर रिकामं होईल तुमचं," त्या म्हणाल्या. "चला लातूरला. त्या डाक्टरलाच ईचारा काय ते."

एसटीतून अर्जुनराव अहमदपूरच्या स्टँडवर चहासाठीही उतरले नाहीत. मनात उलटतपासणी घोळत होती.

डॉ. शरणप्पा आता थकले होते. ऑपरेशन सोडून नुसते पेशंट तपासायचे. अर्जुनरावांनी दोन्ही एक्स-रे पुढे टाकले आणि आवाज चढवून सगळं ऐकवलं. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडाला धरून बराच वेळ पाहिल्या.

"जिना चढतात अजून?" त्यांनी चांगुणाबाईंना विचारलं.

"लई चढत्यात. ऐकत्यात कुठं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अर्जुनराव, चूक माझी. वाटी बसवताना माझा हात चुकला. आता उशीर करू नका, करून घ्या ऑपरेशन."

अर्जुनराव भांडायची एवढी तयारी करून आले होते, आणि समोरचा पहिल्याच फटक्यात शरण.

त्यांनी आयुष्यभर कबुल्या ऐकल्या होत्या. चुकलेला माणूस आधी तिकिटाचं मशीन बिघडलं म्हणतो, मग गर्दी होती म्हणतो, मग घरी आजारपण काढतो. कबुली सगळ्यात शेवटी, तीही अर्धी. सबब न सांगता कबुली त्यांना एकदाच मिळाली होती. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं, नव्या कंडक्टर पोरीची नोकरी वाचावी म्हणून, तिचा दोष स्वतःवर घेतला होता. ती कबुली खोटी होती.

ते डॉक्टरांकडं बघत राहिले. ज्या हातांवर या माणसानं आयुष्यभर नाव कमावलं, त्याच हातांना तो आज बट्टा लावून घेत होता. का, तर एका हट्टी म्हाताऱ्याचा पाय वाचावा. अर्जुनरावांना स्वतःची लाज वाटली.

"डाक्टरसाब," ते म्हणाले, "तुमाला खोटं बोलता येत न्हाई."

शरणप्पा चष्मा पुसत राहिले. अर्जुनरावांनी टेबलावरचा फोन त्यांच्याकडं सरकवला.

"नांदेडच्या त्या बाईंना फोन लावा. म्हणावं, अर्जुनराव ऑपरेशनला येऊन राहिले."