दुखत असतानाच हाक मार

जेवण झालं की आईच्या पोटात कळ यायची. ती पलंगावर ओणवी होऊन, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. कळ ओसरली की तोंड धुवायची आणि मग लेकीला बँकेत फोन करायची. "मघाशी दुखत होतं गं. आता बरं आहे."

बाबा गेल्यानंतर हे सुरू झालं, म्हणून निदानही सगळ्यांनीच करून टाकलं. मावशी म्हणाली, "एकटेपणाचं दुखणं ते! समोर माणूस नसला की घास उतरत नाही." डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. लेकही म्हणाली, "आई, मन रमव कुठेतरी."

कळेच्या भीतीने आईने जेवणच कमी केलं. कपडे अंगावर लोंबू लागले, तेव्हा लेक तिला सर्जनबाईंकडे घेऊन गेली.

"आजी, तपासण्या झाल्या तेव्हा दुखत होतं?"

"छे! दुखताना कोण बाहेर पडतं? आणि हिला कामावरून कशाला उठवायचं?"

"म्हणजे चोर पळाल्यावर पोलिसांना बोलावता!" बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "पोटाच्या आतल्या पडद्याला कधी कधी जन्मापासूनच फट असते. आतडं तिच्यात शिरतं, अडकतं, सुटतं. आतला हर्निया. बाहेर गाठ दिसत नाही. क्वचितच आढळतो; पण ओणवं झाल्यावर कळ थांबते असं तुमची लेक सांगते, म्हणून मला शंका येते. एखाद्या वेळी सुटलं नाही, तर आतडं मरतं."

त्या दिवशीचा स्कॅनही स्वच्छच आला. "आता दुखत असतानाच या," बाईंनी बजावलं.

एका दुपारी बँकेत फोन वाजला. "दुखतंय," आई कशीबशी म्हणाली. "ये."

'सावकाश ये' नाही, 'जेवलीस का' नाही! समोरच्या ग्राहकाला तसंच सोडून लेक धावली.

स्कॅनमध्ये अडकलेलं आतडं स्पष्ट दिसलं. लगेच ऑपरेशन झालं. "काळवंडलं होतं," बाई म्हणाल्या, "सोडवल्यावर गुलाबी झालं. उशीर झाला असता तर कापावं लागलं असतं. फट शिवली आहे."

लेकीने आईचा हात धरला. "आणि मी तुला मन रमव म्हणत होते!"

"मन नाहीच रमत गं," आई हळूच म्हणाली. "बाबांची खुर्ची रिकामीच आहे. ती फट कोण शिवणार? पण पोट खरंच दुखत होतं."

एकट्या माणसाला दोन दुखणी असू शकतात. एकाकडे बोट दाखवून दुसरं झाकू नका! आणि आयांनो, बरं वाटल्यावर काय कळवता? दुखत असतानाच हाक मारा.