शून्य एरर

तिनं काढलेली ओळ परत घातली आणि बिल्ड लावला, म्हणजे सगळा प्रोग्राम नव्यानं बांधून पाहिला. एरर नाही. ओळ पुन्हा काढली, पुन्हा बिल्ड लावला. तरीही नाही.

हॉस्पिटलातल्या सलाइन पंपाचं हे सॉफ्टवेअर. त्याच्या सामाईक हेडर फाइल्समध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइल्समध्ये, पंधरा वर्षं ज्याला जे लागलं ते त्यानं आणून टाकलं होतं, माळ्यावर टाकतात तसं. काढायला मात्र कुणी धजावत नव्हतं. गेल्या महिन्यात तिनं कंबर कसली. रीत सोपी होती: एक ओळ काढायची, बिल्ड लावायचा, प्रोग्राम बांधणारा कंपायलर एरर देऊन ओरडला नाही तर ओळ फालतू. अशा एक्केचाळीस ओळी गेल्या. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, तेव्हा ती लाजलीही होती.

आणि आज, जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवून, ती अलार्मची फाइल वाचत होती. कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलं होतं: हवेच्या बुडबुड्याची मर्यादा ठरवलेली असेल, तर नळीत हवा दिसताच अलार्म वाजवायचा; नसेल, तर हा भाग सोडून द्यायचा. जुन्या पंपांची मर्यादा तिनं काढलेल्या ओळीतून यायची. नव्यांची दुसऱ्या फाइलमध्ये होती, आणि चाचणी झाली ती फक्त नव्या पंपांवर. ओळ गेली, मर्यादा गेली, अलार्मचा भाग आपोआप गळला; कंपायलरला ओरडायचं काही कारणच नव्हतं.

"जुन्या पंपांवर नवं सॉफ्टवेअर कधी चढवणार आपण?" तिनं शेजारच्या टेस्टरला विचारलं.

"चढवलं की, सकाळीच. तुझ्या आईंच्या वॉर्डापासून सुरुवात."

तिनं फोन उचलला. भावाचा नंबर दुसऱ्यांदा नीट लागला.

"आईजवळ आहेस ना?"

"इथेच बसलोय. ताई, तुमचं मशीन आज भलतंच शहाण्यासारखं वागतंय हं! काल दर तासाला बोंबलत होतं. सकाळी तुमचा माणूस येऊन गेला, तेव्हापासून चकार शब्द नाही. आईला छान डोळा लागलाय."

"नळी बघ."

"काय बघू?"

"नळीत हवा दिसते का, बुडबुडा, ते बघ. आत्ता. पंपापासून आईच्या हातापर्यंत."

तिनं फोन कानावर इतका दाबला की कान दुखला.

मग तिकडे खुर्ची पडली, आणि मशीननं ओरडायला हवं होतं तसा तिचा भाऊ ओरडू लागला.