टाकीवरचा तळहात

पंडितनं उजवा तळहात पेट्रोलच्या टाकीवर पसरला, डोळे मिटले आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं मान हलवली.

"नको. हाई गाडी थरथरस."

बापामागे उभ्या कुंदननं दातओठ खाल्ले. ही सहावी गाडी होती. तीन सुट्ट्या अशाच गेल्या होत्या. सुरतेतलं लिंबायत झालं, उधना झालं, आता पर्वत पाटियाजवळचं हे कनुभाईचं गॅरेज. गाडी कुठलीही असो, आबांचा हात टाकीवर जायचा, डोळे मिटायचे आणि निकाल ठरलेला. जुन्या गाड्या विकणारा एक तर मागच्या सुट्टीला तोंडावरच हसला होता. अठरा वर्षांच्या मुलाला असं हसं झालेलं किती लागतं, हे बापाला कोण सांगणार?

कनुभाईनं तेलकट फडकं खांद्यावर टाकलं.

"काका, आवाज तो सांभळो! एकदम क्लियर छे."

पंडितनं आवाजाकडे लक्ष दिलं नाही. त्यानं पुन्हा एकदा टाकीला हात लावून पाहिला, इंजिनावर दोन बोटं ठेवली आणि चटका बसताच काढून घेतली.

"थरथरस," तो म्हणाला. "आतमा काहीतरी ढिलं शे."

"अरे काका, आ गाडी छे, लूम नथी! चालू होय तो हले ज ने!"

कनुभाई म्हणत होता ते खरं होतं, पण पंडितला पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बावीस वर्षं तो बमरोलीच्या खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, कापड विणत होता. एका पत्र्याखाली अठ्ठेचाळीस माग धडधडत असताना तिथे कानाचा काय उपयोग? कुठला माग आजारी आहे ते हातानंच कळतं. पंडितचा हात त्यात नावाजलेला. चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून तो कुठला बोल्ट सुटलाय ते सांगायचा आणि मिस्त्री निमूटपणे तोच बोल्ट आवळायचा. आता हा नावाजलेला हात कुंदनच्या नशिबावर येऊन बसला होता.

आणि वेळ तर उरलाच नव्हता. उधन्याला नवीनभाईचं मागांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पट्टे, धोटे, दातेरी चाकं घेऊन बमरोली-पांडेसऱ्याच्या शेडांमध्ये पोचवायला त्याला माणूस हवा होता. अट एकच, गाडी स्वतःची. "सोमवारे गाडी लईने आव," असं त्यानं सांगितलं होतं. उद्याच सोमवार. गाडी नसेल तर उद्याच सकाळी कुंदन आबांच्या मागोमाग खात्यात जाणार होता. तिथे चार माग रिकामे झाले होते आणि मालकानं त्याचं नावही विचारून ठेवलं होतं. एकदा मागावर उभा राहिलेला माणूस तिथून सुटत नाही, हे ते राहत त्या गोडादऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

ही गाडी तर जणू त्याच कामासाठी जन्माला आली होती. बमरोलीचा रस्ता अर्धा डांबराचा, अर्धा चिखलाचा, आणि मधूनमधून रंगाच्या पाण्याची डबकी. प्लेगच्या पुढच्या वर्षी शहरातले मोठे रस्ते झाडूनपुसून रुंद झाले, पण त्या बाजूला कोणी फिरकलं नव्हतं. कनुभाईनं ही शंभर सीसीची गाडी कामरेजच्या एका ऊसवाल्यासाठी बनवली होती. पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर, गाठीगाठींचे टायर, सायलेन्सर सीटखालून उचलून बांधलेला. डांबरावर चालेल, बांधावरही चढेल. अंगानं हलकी, म्हणजे नवशिक्यानं पाडली तरी एकट्याला उचलता येईल. खोड एकच, ती उंच होती आणि कुंदन उंचीनं बुटक्या आईवर गेला होता. सीटवर बसलं की दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकायचे.

"आबा, बठीसन दखू का?"

उत्तर आलं नाही. आबा वाकून चेन पाहत होते.

हे नेहमीचंच. हवं तेव्हा बोलायचं, नको तेव्हा दगड व्हायचं. आई, धुरपदाबाई, तर काही सांगायचं असलं की आधी त्यांची बाही ओढायची. "त्याले तोंडे तोंड सांगनं पडस," असं म्हणायची. कुंदनला तो आबांचा तोरा वाटायचा. तशी त्यांची सगळी गल्लीच मागवाल्यांची. तिथे जो तो ओरडूनच बोलायचा, त्यात कुणा एकाशी ओरडून बोलावं लागतं हे वेगळं जाणवायचं नाही.

आबा अजूनही चेनशीच खेळत होते. कुंदनच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यानं तीन आठवड्यांचं साचलेलं सगळं ओकून टाकलं.

"तुम्हले गाडी लेनीच नही! तुम्हले माले खातामाच घालनं शे. सांगी टाका ना एकदाचं!"

बोलून झाल्यावर तोच घाबरला. घरात बापासमोर असा आवाज आजवर कुणी चढवला नव्हता. कनुभाईनंही फडकं झटकायचं थांबवलं. पण पंडित वळला नाही. त्यानं चेन बोटानं वरखाली केली, ढिलाई पाहिली आणि समाधानानं हुंकार दिला. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं, पण ही बेपर्वाई कुंदनच्या जिव्हारी लागली.

पंडित हात पुसत बाजूला झाला, तसा कुंदननं कुणाला न विचारता गाडी ओढून रस्त्यावर काढली, किक मारली आणि निघाला.

गॅरेजसमोरच्या कच्च्या गल्लीत पहिल्या खड्ड्यालाच त्यानं हँडल घट्ट आवळलं. पण गाडी आत उतरली आणि सहज वर आली. वाळूच्या ढिगाला वळसा, नळाच्या चरावरून उडी, मग डांबर. वेग वाढला तशी हँडलची थरथर विरली आणि गाडी एकसारखी गुणगुणायला लागली. क्षणभर कुंदन राग विसरला. हीच गाडी. दुसरी नकोच. आता पुन्हा ती आबांच्या तळहाताखाली घालायची या विचारानं राग दुप्पट होऊन परत आला.

मोठा वळसा घालून तो दुसऱ्या टोकानं गॅरेजकडे आला. पंडित गल्लीच्या मधोमध उभा होता, मुलगा गेला त्या दिशेला तोंड करून, कपाळावर हात धरून वाट बघत.

कुंदननं हॉर्न दिला. भाजीवाली बाई टोपली सावरत बाजूला झाली. पंडित जागचा हलला नाही. कुंदननं दुसऱ्यांदा हॉर्न दाबला, मग दाबूनच धरला. ओट्यावरचं कुत्रं उठून पळालं. कनुभाई गॅरेजातून ओरडला, "काका, बाजू!" पंडितची पाठ तशीच होती, घामानं सदरा चिकटलेली आणि अगदी शांत.

कुंदननं दोन्ही ब्रेक दाबले. गाडी आबांच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबली आणि चवडे टेकेपर्यंत एका अंगावर कलली. सावली हलली म्हणून पंडित दचकून वळला आणि त्यानं धावून हँडल धरलं.

"कोठून उना तू?"

मघाशी पाठीमागून बोललेलं सगळं कुंदनला आठवलं. आई ओढायची ती बाही आठवली. सहा गाड्यांच्या सहा टाक्या आणि त्यांच्यावर पसरलेला तो हात डोळ्यांपुढे आला. पारख करायला या माणसाकडे तेवढंच तर उरलं होतं.

त्यानं इंजिन बंद केलं नाही, गाडी फक्त न्यूट्रलला टाकली. हँडलवरचा आबांचा हात सोडवून तो टाकीवर ठेवला, वर स्वतःचा डावा हात दाबला आणि उजव्या हातानं हळूहळू रेस वाढवली. आधी टाकी थडथडली. मग थडथड बारीक होत गेली, जुळून आली, आणि दोघांच्या हातांखाली एक सलग गुणगुण उरली. पंडितनं डोळे मिटले. पुष्कळ वेळानं उघडले.

"आता बरोबर," तो म्हणाला. "धावालेच बनेल शे ती. उभी ऱ्हायनी की तरफडस."

कुंदननं मान डोलावली.

पंडितनं हात काढला नाही. त्यानं एकदा कनुभाईकडे पाहिलं, तो लांब होता. मग मुलाकडे न बघता त्यानं विचारलं,

"आवाज कसा शे रे तिना?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यानं कुणालाच विचारला नसावा. कुंदनला ओरडून उत्तर द्यायचं होतं, पण त्यानं तसं केलं नाही. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरून स्टँड लावला आणि आबांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, उजेड आपल्या तोंडावर पडेल असा.

"चांगला शे, आबा," तो सावकाश म्हणाला.

पंडित त्याच्या ओठांकडे बघत होता.

"मंग हाईच लई ले," तो म्हणाला. "खातामा येऊ नको तू."