चार नावांचं कार्ड

रुग्णाच्या कार्डावरचं जुनं निदान पुसायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खाली नवं नाव लिहायचं.

मोठ्या डॉक्टरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला.

एका मुलाची जन्मनोंद मला सापडली. बापाच्या रकान्यात माझे वडील, आईच्या रकान्यात दुसरीच बाई.

रुग्णाच्या कार्डावरची चूक दुरुस्त करायची, तर ज्याने ती लिहिली त्याचीच सही लागते. तो मेला की चूक कायमची.

म्हणून या मनोरुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मोठ्या डॉक्टरांच्या तब्येतीची चौकशी करणारी मी एकटीच होते. त्यांना निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती. त्यांना ताप आल्याचं कळलं तरी माझी झोप उडायची. म्हाताऱ्याच्या मृत्युपत्रात तुझं नाव आहे की काय, असं टंकलेखिका विचारायची. मी म्हणायचे, देव त्यांना उदंड आयुष्य देवो. दात खाऊन म्हणायचे.

मग एक दिवस ते स्वतःच आले, काठी टेकत. रुग्णालयाच्या शताब्दीला त्यांचं व्याख्यान होतं: एका आजाराची बदलती नावं. पडद्यावर दाखवायला सगळी नावं असलेलं एखादं कार्ड हवं होतं.

ते माझ्या खणातच होतं. सर्वांत वर त्यांच्या किरट्या अक्षरात 'अकाली बुद्धिऱ्हास'. मग आजारांची नवी यादी आली, 'स्किझोफ्रेनिक प्रतिक्रिया'. मग 'स्किझोफ्रेनिया, संशयी प्रकार'. मग नुसता संकेतांक, एक अक्षर आणि आकडे. खालचा 'निदानाचा आधार' मात्र दर वेळी जसाच्या तसा उतरवलेला: नवऱ्याने दुसरं घर केलं आहे असा खोटा संशय. शेवटच्या दोन वेळा उतरवणारा हात माझा. कारकुनाने पडताळायचं नसतं. आई तेव्हा दोन इमारती पलीकडे होती.

"वा, बाई. नमुनेदार केस," डॉक्टर म्हणाले. कार्डावरचं नाव त्यांनी वाचलं नाही.

स्लाइड मीच करणार होते. एक जास्तीची केली.

सभागृह भरलं होतं. ते छान बोलले, हे कबूल करायला हवं. हा आजार कधी मेंदूची झीज ठरला, कधी रुग्णाच्या आईच्या माथी मारला गेला, कधी औषधं आली आणि वॉर्डांची कुलपं निघाली. लोक हसलेसुद्धा. मग कार्ड आलं. मग प्रोजेक्टरजवळून मी पुढची स्लाइड सरकवली.

जन्मनोंद. तारीख, आईला इथे आणलं त्याच्या आठ महिने आधीची.

"हे चुकून लागलंय, बाई."

"नाही, सर. मी त्या कार्डावरच्या बाईची मुलगी. हा तो खोटा संशय. दोन गल्ल्या पलीकडे रांगत होता."

कुणीतरी खोकलं. डॉक्टर हळूहळू बोलू लागले. नवरा सभ्य माणूस होता, रडला होता, आणखी कुणाला विचारणार. मग त्यांना धागा सापडला.

"तिला आवाज ऐकू यायचे. ते तरी खोटं होतं का?"

"नाही. चौथ्या वर्षी आले. तेही कार्डावर आहे. मी पहिल्या वर्षाचं विचारतेय."

दुरुस्तीचा फॉर्म मी त्यांच्यापुढे ठेवला. एकच ओळ भरली होती: संशय खरा होता, पडताळला नाही. कुणीतरी दिवे लावायला उठलं, त्याला मी बसायला सांगितलं. पडद्यावरची तारीख तशीच राहू दिली. माफी मला नकोच होती. मागितली असती तरी दिली नसती.

त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

"सावकाश, सर," मी म्हणाले. "आई इथे त्रेचाळीस वर्षं थांबली. इथेच गेली."

त्यांनी सही केली. कागद सरकत होता. मी धरला नाही.

आईला नेलं त्या सकाळी माझ्या दोन वेण्यांपैकी तिची एकच घालून झाली होती.