धाकट्याने विचारायचं

सिपोराबाई पेझारकरांनी व्हिनेगरची बाटली, आंबट रसाची बरणी आणि उरलेला अर्धा पाव एका टोपलीत कोंबला आणि समोरच्या उमाचं दार वाजवलं. पेसाखच्या आठवड्यात यहुद्याच्या घरात आंबलेलं, फुगलेलं काही ठेवायचं नसतं. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, पळताना पूर्वजांना कणीक फुगेपर्यंत थांबायलाही वेळ मिळाला नव्हता, त्याची ही आठवण. गावाकडची जुनी माणसं तर याला बरणी झाकायचा सणच म्हणायची.

"आली का बरणी माहेरपणाला?" उमा हसली. "आणि आंटी, काका काही बोलले का?"

"कुठले बोलतायत!" सिपोराबाईंनी टोपली तिच्या हातात दिली.

सिपोराबाईंचे यजमान एझ्राजी पावसाळ्यापासून बोललेच नव्हते. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. हात थोडाफार परत आला. डॉक्टर म्हणाले, वाचाही येईल, पण त्यांनी प्रयत्न केला पाहिजे. प्रयत्न कसला करतायत! एकदा फोनवर सुनेसमोर तोंडातून भलताच आवाज निघाला, तेव्हापासून या माणसाने ओठ शिवले ते शिवलेच. अंबरनाथच्या एमआयडीसीत तीस वर्षं मशीनच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस हा! आता चिखलोलीच्या या नव्या इमारतीत दिवसभर खिडकीशी बसून असायचा. सिपोराबाईंना औषध नको होतं, पथ्य नको होतं. त्यांना फक्त त्या माणसाचा आवाज पाहिजे होता, मग तो ओरडला तरी चालेल.

दुपारी सणासाठी लावलेल्या ताज्या चुन्याच्या वासात त्यांचा जरा डोळा लागला. आणि काय बघतात, तर पूर्वजांपुढे समुद्र दुभंगला तशी उल्हास नदी दोन्ही बाजूंना भिंतीसारखी उभी! मधून कोरडी वाट, आणि वाटेवरून सगळं बदलापूर चाललंय. उमाच्या डोक्यावर गॅसचा सिलिंडर. कुळगावातला भाजीवाला हरेश हातगाडी ढकलतोय. स्वतः सिपोराबाईंच्या डोक्यावर परात, परातीत न फुगलेली कणीक. पाण्याच्या भिंतीत मासे निवांत फिरत होते आणि कुणालाच त्याचं नवल नव्हतं. सगळ्यांच्या पुढे एझ्राजी चालले होते, हातवारे करत, मागे वळून सारखं काहीतरी सांगत. ओठ हलत होते. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. "अहो, मोठ्याने बोला ना!" असं त्या ओरडल्या आणि जाग्या झाल्या.

दिवेलागणीला टेबल मांडलं. बिनखमिराच्या पातळ रोट्या, खजुराचा रस, कडू पाला, मिठाचं पाणी, भाजलेलं हाड, उकडलेलं अंडं, आणि दारूच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत. आजवर या रात्री ते ठाण्याला सगळ्या नातलगांबरोबर असायचे. यंदा पहिल्यांदाच दोघंच. मुलगा-सून इस्रायलमध्ये अश्दोदला, आणि सणाच्या रात्री फोनला हात लावायचा नाही.

अडचण वेगळीच होती. रिवाज असा, की घरातल्या सगळ्यांत धाकट्याने विचारायचं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग घरातल्या मोठ्या माणसाने मिसरमधून सुटकेची गोष्ट सांगायची. प्रश्नच आला नाही, तर गोष्ट सुरू कशी होणार?

जगाच्या लेखी धाकट्या सिपोराबाई. लग्न ठरवताना त्यांच्या वडिलांनी वय चांगलं खाली ओढलं होतं. एझ्राजींना ते पहिल्याच महिन्यात कळलं, पण त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही. फक्त चारचौघांत गंभीर चेहरा करून म्हणायचे, "आपण बाबा मोठ्यांचं ऐकतो," आणि टेबलाखालून चिमटा काढायचे.

"अहो," सिपोराबाई म्हणाल्या, "इथं आता लपवायचं कुणापासून? धाकटे तुम्ही. विचारा."

एझ्राजींनी मान फिरवली.

"मी थांबते. गोष्ट पळून जात नाही."

खिडकीबाहेर आभाळ निळं होत होत काळं झालं. खाली कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. दिव्याची ज्योत इतकी स्थिर होती, की आपण अजून झोपेतच आहोत असं सिपोराबाईंना वाटायला लागलं. मग एक बारीक घोगरा आवाज आला. शब्द नव्हते, नुसती चाल होती. लहान मुलं ज्या चालीत तो प्रश्न विचारतात, तीच. मध्येच ती तुटली, एझ्राजींनी डोळे मिटले आणि तिथूनच परत धरली.

सिपोराबाई सावरून बसल्या. आता उत्तर देणं आलं. पण उत्तर आजवर नेहमी एझ्राजींनीच दिलं होतं!

"आम्ही मिसरात फारोचे गुलाम होतो," त्यांनी कशीबशी सुरुवात केली. विटा सांगितल्या, चाबूक सांगितले, नदीत सोडलेल्या टोपलीतला तान्हा मोशे सांगितला. मग मिसरवर पडलेली दहा संकटं आली. एकेका संकटाचं नाव घ्यायचं आणि करंगळीने सरबताचा एकेक थेंब बशीत टाकायचा.

"रक्त," त्यांनी थेंब टाकला. "मग उवा."

एझ्राजींचा डावा हात धाडकन टेबलावर आपटला.

"काय झालं? पाणी देऊ?"

त्यांनी जोरात मान हलवली. चेहरा लालबुंद, मानेची शीर ताठ. नव्या कामगाराने भलताच बोल्ट पिळला की असाच दिसायचा हा माणूस.

"बे..." ते म्हणाले. "बे... बेडूक!"

सिपोराबाईंची करंगळी सरबतात तशीच राहिली. खरंच की. रक्तानंतर बेडूक, मग उवा. बेडूक राहिलेच होते.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. हसू आणि रडू एकदमच फुटलं. "परत म्हणा."

"बेडूक," एझ्राजी वैतागून म्हणाले आणि बशीकडे बोट दाखवलं. टाक थेंब.

त्यांनी थेंब टाकला. डोळे पुसले. पुढची सगळी संकटं त्यांना तोंडपाठ होती. तरी कपाळाला आठ्या घालून त्या म्हणाल्या, "आता टोळ, नाही का हो?" आणि शेवटच्या थेंबापर्यंत एकेक संकट त्या चुकत गेल्या.