डेमोचे पेरू

आमच्या काळी मुलाखत म्हणजे हेडमास्तरांचा एक प्रश्न आणि कपभर चहा. दुसऱ्या दिवशी आपण वर्गावर. आता डेमो असतो, वर्गापुढं शिकवून दाखवायचं. गंगाखेडच्या ज्या शाळेत माझी उमेदीची वर्षं गेली, तिथं परवा इंग्रजीच्या जागेसाठी डेमो होता. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी मलाही समितीवर बसवलं होतं.

पालमहून सुकेशनी आली होती. बी.एड. होऊन घरीच. "घरी आई एकटीच हाय, बाई," ती मला व्हरांड्यात म्हणाली. "हितं लागलं न्हाई तर तिला सोडून पुण्याला जावं लागंल."

विषय होता डिटरमिनर्स, म्हणजे नामाआधी येणारे 'ए', 'द' वगैरे. मी तो छडी दाखवून पाठ करून घ्यायची. हिनं पिशवीतून पेरू काढून टेबलावर मांडले. 'ए ग्वावा' म्हणाली, तेव्हा पोरांनी हाताला येईल तो उचलला. मग एका पेरूला तिनं चावा घेतला, तो बाकीच्यांत ठेवला आणि 'द ग्वावा' मागितला. पहिल्या बाकावरच्या राजेश्रीनं नेमका तोच उचलला.

"कुठला ते तुला बी ठावं, मला बी ठावं. म्हणून 'द'," सुकेशनी म्हणाली. सगळ्या वर्गाला कळलं.

"लय भारी," अण्णासाहेब म्हणाले. "आणखी एकदा करा. जरा सावकाश."

तिचा चेहरा उजळला. तिनं सगळं पुन्हा केलं. मागच्या बाकावर अण्णासाहेबांची पुतणी अर्पिता मोबाइलवर शूटिंग करत बसली होती.

"आलं का गं सगळं?" अण्णासाहेबांनी तिला विचारलं.

"आलं, काका."

"मग सोमवारपासून वर्गात असंच शिकवायचं."

सुकेशनीचा हात पेरूंवर थांबला. "सर, जागा?"

"ती भरली की मागच्याच आठवड्यात." त्यांनी एक पेरू उचलून खाल्ला. "गोड हायत. पिशवी राहू द्या, अर्पिताला लागंल."

"मग पोरीला इतक्या लांबून कशाला बोलावलं?" मी विचारलं.

"अर्पिताला कुणी तरी दाखवायला नको का, बाई? तुमची छडी आता चालत न्हाई."

सुकेशनी दारात चप्पल घालत होती. राजेश्रीनं विचारलं, "सर, ह्या मॅडम उद्या येणार का?"

"मॅडम कुठल्या? पेरू इकायला आल्ती ती."

सगळ्यांत आधी राजेश्रीच हसली. चावलेला पेरू अजून तिच्याच हातात होता. हसत हसत तिनं तो खिडकीबाहेर भिरकावला. तो मैदानातून चाललेल्या सुकेशनीच्या पुढ्यात पडला. तिनं तो ओलांडला आणि एसटी स्टँडकडे वळली.